शेततळ्यातलं लंगडं पिल्लू

सप्टेंबरातली गोष्ट. आमच्या शेततळ्यात हळदी-कुंकू बदक नऊ पिल्लं घेऊन उतरलं होतं. चोचीचं टोक पिवळं अन् बुडाशी दोन लाल ठिपके, म्हणून हे नाव. हिवाळ्यात नाथसागरावर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस आले की पैठणला कॅमेरेवाल्यांची जत्रा भरते, हे बिचारं बारा महिने इथंच असतं तर याला कुणी विचारत नाही, असो.

काकांनी काठावर टाकलेल्या जुन्या पोत्यांवरून आठ पिल्लं मायमागं वर चढली अन् ओढ्याकडं गेली. नववं तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवरच घसरायलं. वर काढलं तर उजवा पाय पार बाजूला फाकलेला, बेडकासारखा, उभं राहायला गेलं की पोटावर सपाट.

1926 ला, म्हणजे वनविभागाच्या हेल्पलाईनला फोन लावला. ते म्हणले, माय आसपास असंल तर तिच्याकडंच सोडायचं बघा, पाळू नका, तोवर आमचा माणूस येतो. मग आमच्या जनावराच्या डॉक्टरांना विचारलं. ते आधी हसले, गायी-म्हशी सोडून बदक कधीपासून म्हणून, पण सांगितलं बरोबर. कोंबडीच्या पिल्लांना पण होतं म्हणे हे, निघाल्या निघाल्या गुळगुळीत जागा मिळाली की पाय फाकतात, अन् हाडं कवळी असतात तोवरच सरळ होतात.

अन् मी काय केलं होतं, तर खोक्यात पेपर अंथरला होता! त्याच्यावर तर अजूनच घसरायलं. पेपर काढून पोतं टाकलं. दोन्ही पायांना कापूस गुंडाळून दवाखान्यातली चिकटपट्टी आठाच्या आकड्यासारखी बांधली, मधलं अंतर नीट उभं राहिल्यावर असतं तेवढंच, आवळून नाही. पाय माझ्या करंगळीच्या निम्म्यानं पण नव्हते हो, अन् माझे हात आयुष्यभर पाना धरलेले, चार वेळा सुटली पट्टी. वर बल्ब लावला, ताटलीत बोटभर पाणी, ओढ्यातलं शेवाळ अन् कोंबडीच्या पिल्लाचं खाद्य. माझ्या मायनं भाकरीचा काला आणला होता, तो परत पाठवला, ती रुसली.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक येऊन बघून गेले, म्हणले बांधलंय बरोबर, ठेवा अजून दोन दिवस. मी पिल्लाशी बोलायचोच नाही, उगं माणसाळू नये म्हणून. माय मात्र लपून बोलायची.

चौथ्या दिवशी पट्टी काढली तर चाललं! जरासं लंगडत, पण चाललं. पहाटेच ओढ्यावर नेलं. पाणकणसात बदकीण ओरडायली होती, ते चिंव चिंव करत हातातून सुटलं अन् गवतात घुसलं, मागं वळून बघितलं नाही.

मागच्या आठवड्यात ओढ्यावर सात मोजली. आपलं त्यात आहे का काही कळलं नाही, कारण आता एकपण लंगडत नाही. माय म्हणती, नीट मोज, आठ आहेत.