गोव्यातून औलीला बर्फात: गाडी भाड्याने घ्यावी की बस-जीपने जावं

फेब्रुवारीत आम्ही सहा जण उत्तराखंडमधल्या औलीला जाऊन आलो. मी, बायको, नववीतली मुलगी, फोंड्याचा मेव्हणा नि त्याची बायको, आणि माझी आई, वय ६६. जायच्या आधी दोन महिने घरात एकाच गोष्टीवर चर्चा चालली होती, ती म्हणजे ऋषिकेशच्या पुढे गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायची, ड्रायव्हरसकट टॅक्सी करायची, की सरळ बसने जायचं. परत आल्यापासून साखळी गावातले दोघे-तिघे हेच विचारतायत म्हणून जे झालं ते सगळं लिहून काढतोय, थोडं लांबेल.

मेव्हण्याचं म्हणणं होतं की डेहराडूनला सेल्फ ड्राइव्ह गाडी घेऊया, आपल्याकडे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या रेंट अ कॅब असतात तशीच. "भावोजी, आपण पावसात धुक्यातून चोर्ल्याचा घाट उतरतो, समोरचं दहा फूट दिसत नसतं, मग हे काय वेगळं?" त्याचं बोलणं मला पटलंही होतं कारण तो गाडी खरंच चांगली चालवतो. पण एका भाड्याच्या गाडीवाल्याला फोन करून मी तीन प्रश्न विचारले, बर्फात चाकाला लावायची चेन देता का, दिवसाला किती किलोमीटर धरलेत, आणि बर्फात गाडी घसरून काही झालं तर कोणाच्या अंगावर. चेन नाही, किलोमीटरला मर्यादा, आणि नुकसान आमच्या डिपॉझिटमधून. तुम्हीही गाडी घ्यायच्या विचारात असाल तर हे तीन प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारा, उत्तरं लेखी मागा.

आणि अजून एक गोष्ट जी नकाशा बघताना आमच्या लक्षातच आली नव्हती. ऋषिकेश ते जोशीमठ साधारण २५० किलोमीटर, तिथून वर औलीचा रस्ता जेमतेम १३-१४ किलोमीटर. बर्फ असतो तो बहुतेक करून या शेवटच्या तुकड्यात. म्हणजे खालून आणलेली साधी गाडी जोशीमठलाच उभी करून वर जायला तिथली चेनवाली जीप घ्यावीच लागते, आणि आपण चार दिवस वर असताना खाली उभ्या गाडीचं भाडं चालूच. ड्रायव्हरवाली टॅक्सी थांबवून ठेवली तर ड्रायव्हरच्या राहण्याखाण्याचंही बघावं लागतं. हे कळल्यावर मेव्हणा स्वतःच म्हणाला, मग बसनेच जाऊया.

मडगावहून ऋषिकेशला थेट ट्रेन आहे, केरळहून येणारी, आठवड्यातून एकदाच, गाडीत दोन रात्री जातात. दिल्लीला उतरून सामान घेऊन स्टेशन बदलायची दगदग नाही म्हणून आईसाठी आम्ही तीच धरली. घरून चपात्या, सुकी भाजी, सुकी चटणी असं बांधून नेलं होतं ते दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत पुरलं. ऋषिकेशला योगनगरी हे नवं स्टेशन, उतरल्यावर रिक्षा किंवा विक्रम मिळतो. विक्रम म्हणजे तिकडची शेअर तीनचाकी. त्या रात्री कुठेतरी पुढे जायचा विचारसुद्धा करू नका. डोंगरातल्या रस्त्यावर रात्री गाड्या सोडत नाहीत, त्यामुळे जोशीमठच्या बस पहाटे चार-पाच वाजल्यापासून निघतात आणि उजाडल्यावर गेलं तर थेट बस मिळेलच असं नाही. आम्ही बसस्टँडच्या जवळच राहिलो, संध्याकाळीच स्टँडवर जाऊन तिकिटं काढली, आणि पुढच्या सीट मागून घेतल्या. हे फार महत्त्वाचं आहे, कारण मागच्या सीटवर त्या वळणांना पोट ढवळतं आणि दहा तास तसंच बसायचं असतं. मळमळीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, मेव्हण्याच्या बायकोला श्रीनगरपर्यंत फार त्रास झाला. हे श्रीनगर गढवालमधलं बरं का, काश्मीरचं नव्हे.

बस म्हणजे आपल्या गोव्याच्या सरकारी कदंबा बससारखी धरू नका, ती लहान असते, सामान टपावर जातं, म्हणून बॅगांना प्लास्टिकचं कव्हर पाहिजेच, वर बर्फ नसला तरी धूळ इतकी असते की बॅगेचा रंग ओळखू येत नाही. पण त्या बसमध्ये आई जितकी खूश होती तितकी ती एसी गाडीत झाली नसती असं मला मनापासून वाटतं. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात नि तिथून पुढे नदीला गंगा म्हणतात, ते खिडकीतून दिसलं तेव्हा तिने हात जोडले आणि शेजारी बसलेल्या पहाडी बाईने तिला पुढच्या प्रयागांची नावं सांगायला सुरुवात केली, रुद्रप्रयागला मंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी. एकीला मराठी-कोंकणी, दुसरीला गढवाली, दोघींचं मोडकंतोडकं हिंदी, आणि कर्णप्रयागपर्यंत दोघी एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत होत्या. बस जेवायला आणि चहाला थांबते, पण बायकांनी बाथरूमला जायची संधी मिळेल तिथे जाऊन यावं, पुढचा थांबा कधी येईल सांगता येत नाही.

संध्याकाळी चारच्या पुढे जोशीमठला पोचलो. आता सरकारी कागदावर ज्योतिर्मठ असं नाव आहे पण स्टँडवर सगळे जोशीमठच ओरडतात. तिथे एक रात्र राहाच. एक तर उंचीची सवय होते, जोशीमठ १,९०० मीटरच्या आसपास आणि औली २,५०० पासून वर ३,००० पर्यंत जाते, आपण समुद्राकाठची माणसं. दुसरं म्हणजे नृसिंह मंदिर. हिवाळ्यात बद्रीनाथ बंद असतो तेव्हा शंकराचार्यांची गादी इथे आणतात, आईला तर औलीपेक्षा याचंच जास्त होतं. गावात अजूनही काही घरांच्या भिंतींना मोठ्या भेगा दिसतात. २०२३ च्या जानेवारीत जमीन खचली तेव्हाच्या. तेव्हापासून जोशीमठ-औली रोपवे बंद झाला, चार किलोमीटरचा होता, आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता. जुने फोटो बघून रोपवेच्या भरवशावर निघू नका, हॉटेलवाल्याला फोन करून आधी विचारा.

सकाळी औलीसाठी जीप ठरवली. खाली रस्ता कोरडा होता, मग एका वळणाला सावलीत बर्फ सुरू झाला आणि ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. त्याने चेन काढून चाकाच्या पुढे जमिनीवर पसरली, गाडी अर्धा हात पुढे घेतली, चाक चेनवर चढलं, मग दोन्ही टोकं वर ओढून आतल्या बाजूने हुक अडकवला. हात उघडे, बोटं लाल झालेली. चेन सैल राहू नये म्हणून त्याने जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या कापून ठेवल्या होत्या त्या ताणून चारी बाजूंनी लावल्या, आणि शंभर मीटर जाऊन पुन्हा उतरून आवळल्या. मेव्हणा शेजारी उभा राहून सगळं बघत होता. तो मला हळूच म्हणाला की हे आपल्याला जमलं नसतं. आणि पुढे जे दिसलं ते त्याहून वाईट, ताजा पांढरा बर्फ त्रास देत नाही, त्रास देतो तो रात्री गोठून काचेसारखा झालेला थर, तिकडे त्याला पाला म्हणतात, तो ओल्या रस्त्यासारखाच दिसतो. एक खालून आलेली कार त्याच्यावर आडवी झाली होती, कोणाला लागलं नव्हतं पण तिला ओढून काढेपर्यंत सगळे थांबलो. चोर्ल्यातलं धुकं आणि हे यांचा काही संबंध नाही. धुक्यात निदान ब्रेक लागतो.

औलीबद्दल थोडक्यात. पहाटे नंदादेवी समोर दिसते, ७,८१६ मीटर, ऊन आधी तिच्या टोकावर गुलाबी पडतं आणि मग बाकीचे डोंगर उजळतात. मुलीने तीन दिवस स्की शिकली, बूट-स्की-काठ्या सगळं तिथेच भाड्याने मिळतं, घरून फक्त वॉटरप्रूफ हातमोजे आणि जाड मोजे न्या. पहिला दिवस नुसता पडण्यात आणि उठण्यात गेला, तिसऱ्या दिवशी स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवून वेग कमी करायला शिकली आणि लहान उतारावरून एकटी खाली आली. आई औलीतल्याच चेअरलिफ्टमध्ये बसून वर जाऊन आली. बर्फ दर वर्षी सारखा पडत नाही, त्यामुळे निघायच्या आठवड्यात विचारून मगच जा.

आता परतीचं, कारण खरा प्रश्न तिथेच सुटला. आदल्या रात्री खाली पाऊस झाला होता. आम्ही जोशीमठहून चमोलीची शेअर जीप पकडली आणि पीपलकोटीच्या अलीकडेच दरड आलेली, रस्त्यावर दगड-माती, तिकडचा शब्द मलबा, पलीकडे जेसीबी काम करत होता. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. तासाभराने जेसीबी थांबवून पोलिसांनी पायी माणसं सोडायला सुरुवात केली. आमचा ड्रायव्हर म्हणाला, उतरा, पलीकडे चमोलीच्या जीपा उभ्या आहेत. सामान पाठीवर घेतलं, आईचा एक हात मी धरला, दुसरा मुलीने, आणि ५०-६० पावलं त्या चिखलातून वर डोंगराकडे बघत बघत पार झालो. पलीकडे एक पोरगा "चमोली, चमोली" ओरडत होता. रांगेत आमच्या पुढे पुण्याचं एक कुटुंब होतं, त्यांची भाड्याची गाडी, ती टाकून जाणार कुठे, ते तिथेच राहिले. त्यांना नंतर फोन केला तर रस्ता दुपारनंतर उघडला आणि त्यांचं डेहराडूनचं विमान चुकलं.

म्हणून माझं म्हणणं हे की गाडी सबंध प्रवासाला बांधू नका, तुकड्या-तुकड्याला घ्या. ऋषिकेश-जोशीमठ बस, वर औलीला तिथलीच चेनवाली जीप, उतरताना शेअर जीप. रस्ता बंद झाला तर बसने जाणारा माणूस चालत पलीकडे जातो, गाडीवाला अडकतो.

पण टॅक्सी करूच नये असं मी म्हणणार नाही. चमोलीला पोचल्यावर आईचे गुडघे दुखायला लागले, ती बोलली नाही पण जीपमधून उतरताना तिने दार घट्ट धरलं होतं ते मी बघितलं. तिथून ऋषिकेशपर्यंत आम्ही पूर्ण टॅक्सी केली, रुद्रप्रयागला रात्र काढली, ती मागच्या सीटवर पाय पसरून झोपून आली, आणि त्या पैशांचं मला अजिबात वाईट वाटत नाही. म्हातारं माणूस, अगदी लहान मूल, किंवा गाडी लागणारं कोणी बरोबर असेल तर लांबच्या तुकड्याला टॅक्सी घ्या, पण पहाडातलाच ड्रायव्हर बघा, एकेरी भाडं ठरवा, आणि थांबवून ठेवू नका. तिथल्या ड्रायव्हरला कुठला नाला कधी वाहतो नि कुठे दगड पडतात हे ठाऊक असतं. दोघे-तिघे तरुण असाल तर बसच, दुसरा विचार नको. आम्हा सहा जणांच्या बसच्या जाण्याच्या तिकिटांना जे लागलं ते एका टॅक्सीच्या निम्म्याहून कमी होतं.

परतीला मोकळा एक दिवस ठेवा. आम्ही ठेवला होता म्हणून डेहराडूनहून दिल्ली आणि दिल्लीहून गोव्यातलं मोपा विमानतळ, दोन्ही विमानं आरामात मिळाली. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढली तर पहिलं विमान लेट झाल्यावर पुढचं बघायची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. रोख पैसे ऋषिकेशलाच काढा, वर नेटवर्क गेलं की जीपवाल्याला फोनने पैसे जात नाहीत. मडगावच्या ट्रेनचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि गाडी आठवड्यातून एकदाच असल्यामुळे खालचे बर्थ लवकर जातात, तेव्हा ज्येष्ठ बरोबर असतील तर त्याच सकाळी आठला बसून काढा. आणि बसमध्ये खिडकीची सीट आईला द्या, देवप्रयाग तिला नीट दिसू दे.