पावसाळी गटार

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाची सकाळ. नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या रंगद्रव्याच्या कारखान्यात तेव्हा मी इटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, सांभाळायचे. साडेनऊला गेटवरून फोन आला, "मॅडम, प्रदूषण मंडळाचे साहेब आलेत. नाल्याला फेस आलाय म्हणतात."

मी निर्धास्त होते. शेवटच्या चेंबरचं पाणी आदल्या दिवशीच तपासलं होतं. पीएच ७.४, सीओडी (पाण्यातली घाण मोजायचं एक माप) १९०. आमच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे मंडळाच्या परवान्यात, पीएच ५.५ ते ९ आणि सीओडी लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. शिवाय ते पाणी पावणे इथल्या, सगळ्या कारखान्यांच्या सामायिक प्रक्रिया केंद्राच्या लाइनला लागायचं, नाल्याला नाही. साहेबांपुढे मी रजिस्टर ठेवलं. त्यांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, "आउटलेट बघतोच. आधी माझ्याबरोबर गटाराच्या कडेने चला."

पावसाळी गटार जिथे नाल्याला मिळतं तिथून आम्ही वर चालत निघालो. साहेबांच्या हातात पीएच पेपरची गुंडाळी; आकडा जितका कमी, तितकं पाणी जास्त आम्लधर्मी. नाल्यापाशी पट्टी पिवळट नारिंगी, ५. दोन कारखाने ओलांडल्यावर नारिंगी, ४. आमच्या कोपऱ्यावरच्या जाळीपाशी लालसर, ३. जाळीच्या चार पावलं वर मात्र पुन्हा स्वच्छ पिवळी, ६. माझ्या पोटात गोळा आला. मधे आमच्याच भिंतीखेरीज काही नव्हतं.

भिंतीच्या आत ड्रम धुण्याचा ओटा. धुतलेलं आम्लाचं पाणी बाजूच्या खड्ड्यात साठायचं आणि तिथून पंपाने इटीपीला जायचं. हेल्पर काकांनी खड्ड्याच्या काठावरचा गाळ फावड्याने ओढला, तर खाली चार इंची सिमेंटचा पाइप, थेट गटारात गेलेला. कारखान्याच्या ड्रॉइंगमध्ये तो कुठेच नव्हता. उन्हाळ्यात खड्ड्याची पातळी तिथवर चढायचीच नाही. ओट्यावर छप्पर नसल्यामुळे पाऊस आत पडला, खड्डा भरला आणि पाइप वाहू लागला. तपासणीसाठी मी रोज जिथे बाटली भरत होते, तिथे यातलं काहीही दिसणं शक्य नव्हतं.

पावसाचं पाणी सांडपाण्यात मिसळू देऊ नये, अशी अट कन्सेंटमध्ये असते. मी ती नेहमी एकाच बाजूने वाचली होती : पाणी घालून सांडपाणी पातळ करू नका. आमचं सांडपाणीच पावसात मिसळत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

नमुना घेताना पाऊस थांबेना. १९७४च्या जल कायद्याप्रमाणे त्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांवर मोहोर आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. लाख वितळवायची मेणबत्ती सारखी विझत होती, काका छत्री धरून उभे होते. तेवढ्यात मालकांचा फोन : "सही करू नका, मी येतोय." मी सही केली. पट्टी माझ्या डोळ्यांदेखत लाल झाली होती, ती नाकारायची कशी?

साहेब गेल्यावर काका हळूच म्हणाले, "मॅडम, हे सगळं खाडीलाच जातं ना?" काका ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातले. त्यांचा भाऊ अजूनही चिखलात निवट्या नावाचे मासे धरतो. २०१५ मध्ये तीच ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ऐरोलीला माझ्या मुलीला मीच फ्लेमिंगो दाखवले होते. मी फक्त "हो" म्हणाले.

पुढे नोटीस आली, बँक गॅरंटी भरावी लागली, ओट्यावर पत्रे चढले. पण पाइपचं काम त्याच संध्याकाळी झालं. मालक तोवर शांत झाले होते, गवंडी त्यांनीच बोलावला. खड्डा उपसून पाणी इटीपीच्या टाकीत घेतलं, पाइपचं तोंड लवकर धरणाऱ्या सिमेंटने बुजवलं. मग पावसाने खड्डा पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत काका आणि मी बाहेर जाळीपाशी उभे राहिलो. दर पंधरा मिनिटांनी एक पट्टी. सहा. सहा. सहा. सव्वानऊला गुंडाळी संपली, तेव्हा आम्ही घरी निघालो.