माल नेणारा शिपाई

सरकारी वकिलांनी फाइल उघडून पहिला प्रश्न विचारला तो आरोपींबद्दल नव्हता. "माल पुण्याला कोणी नेला होता?" एवढंच त्यांनी विचारलं. माल म्हणजे मुद्देमाल, गुन्ह्यात जप्त करून प्रयोगशाळेत तपासायला पाठवलेल्या वस्तू. उत्तराऐवजी आम्ही तिघं निवृत्त माणसं एकमेकांकडे बघत राहिलो. नेणारा शिपाई २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. खटला सत्र न्यायालयात सुनावणीला आला २०२२ मध्ये.

गुन्हा २०११ चा, सोलापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातला. वस्तीवर एकट्याने झोपलेल्या शेतकऱ्याचा कोयत्याने खून झाला होता. आरोपी दोघं, दोघंही कांद्याच्या व्यवहारातले त्याचे भागीदार. त्यातला एक जामिनावर सुटला तो फरारी झाला आणि खटला लोंबकळला. मी तेव्हा तपासी अधिकाऱ्यांचा रायटर होतो. पंचनामा, जबाब, रिमांड रिपोर्ट, केस डायरी हे सगळं रायटर लिहितो आणि सही साहेबांची असते. बाहेर कुणाला हे माहीत नसतं. ठाण्यात मात्र रायटर रजेवर गेला की तपासही रजेवर जातो.

आमचे साहेब माणूस ओळखण्यात पटाईत होते. समोर बसलेला खोटं बोलतोय हे त्यांना पाणी पिता पिता कळायचं. कागदाचा मात्र भयंकर कंटाळा. डी.बी.चे, म्हणजे आरोपी शोधणाऱ्या पथकाचे हवालदार खबऱ्यांना स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालणारे. ते पैसे कुठल्याच बिलात बसत नाहीत. त्यांनीच पहिला आरोपी त्याच्या बहिणीच्या गावातून उचलून आणला. त्याने सगळं कबूल केलं, पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात शून्य. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे, आरोपीने सांगितलं आणि त्यावरून वस्तू सापडली, तर तेवढाच भाग चालतो. म्हणून पंचांसमोर मेमोरंडम, म्हणजे आरोपीचं निवेदन लिहायचं आणि मग आरोपी पुढे, आपण मागे. पहिल्याने उकिरड्यातून त्याचा स्वतःचा रक्ताचा शर्ट काढून दिला. दुसऱ्याने दोन दिवसांनी ओढ्याकाठच्या चिखलातून कोयता. दोन निवेदनं, दोन पंचनामे, पंचही वेगळे.

पंच मिळवणं हा स्वतंत्र छळ आहे. दुकानदार पोलीस दिसले की शटर ओढतात. टीव्हीवरचे खून तासन्तास बघणारी माणसं शेजारच्या खुनाच्या कागदावर सही करायला तयार नसतात. पुढे गंभीर गुन्ह्यात सरकारी कर्मचारी पंच घेऊ लागले. आमच्या वेळी रस्त्यावर जो भेटेल तो.

शर्ट शेणाच्या ओलीने भिजलेला होता. पत्रकार बाहेर थांबले होते, साहेबांना घाई होती. "कॅरीबॅगेत घाला आणि पाठवून द्या," म्हणाले. मुद्देमाल कारकून होते आमचे अण्णा, जुने हवालदार. त्यांनी मान हलवली. "साहेब, प्लास्टिकमध्ये ओला कपडा कोंदतो. बुरशी धरली की रक्ताचा गट निघत नाही. मग तुम्ही वर काय उत्तर देणार?" साहेब चिडले, पण गप्प बसले.

मुद्देमालाच्या खोलीत अण्णांनी दोरी बांधली, खाली कोरे कागद अंथरले आणि शर्ट सावलीत वाळत घातला. उन्हात नाही, पंख्याखाली नाही. पूर्ण वाळला तेव्हा खाकी कागदात घडी घातली. घडीसुद्धा अशी की डागावर डाग येणार नाही. प्रत्येक वस्तूचं पाकीट वेगळं, शर्टाचं वेगळं, कोयत्याचं वेगळं, मयताच्या कपड्यांचं वेगळं. दोरा गुंडाळून गाठीवर लाख ओतायची. मेणबत्तीला लाख फार जवळ धरली की काजळी बसते आणि ठसा काळपट उठतो. म्हणून अण्णा ती लांबून, सावकाश, थेंबाथेंबाने पाडायचे आणि पितळी सील गार पाण्यात बुडवून मगच दाबायचे. तोच ठसा पत्रावर नमुना म्हणून. प्रयोगशाळेत नमुना आणि पाकिटावरचं सील जुळलं नाही तर माल घेतच नाहीत, आला तसा परत. अण्णांचा माल परत आलेला मी पाहिलेला नाही.

नेणारा शिपाई नवा होता. डावखुरा, अबोल, बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. हातात यादी आणि पत्र घेऊन, पिशवी मांडीवर ठेवून रात्रीच्या एसटीने पुण्याला. अण्णांनी बजावलं, "लघवीला उतरलास तरी पिशवी हातात." प्रादेशिक न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेच्या खिडकीवर सकाळपासून उभा राहून त्याने पोच आणली आणि संध्याकाळी गुमान ड्युटीवर हजर. प्रवासभत्ता त्याला किती महिन्यांनी मिळाला ते विचारू नका.

अहवाल आला. शर्टावर मयताच्या गटाचं रक्त, आरोपीचा गट वेगळा. कोयत्यावर माणसाचं रक्त, पण गट निश्चित नाही. ओढ्याच्या चिखलात पडलेल्या लोखंडाकडून आणखी काय मिळणार? पेपरात साहेबांचा फोटो झळकला. रिवॉर्डची यादी मी टाईप केली. त्यातून साहेबांनी अण्णांचं आणि त्या शिपायाचं नाव खोडलं. "यादी लांबली की वर अडकते." ते खोटं नव्हतं, वर खरंच अडकते. पण खोडताना हात नेहमी खालूनच का सुरू होतो, ते मला नोकरी संपेपर्यंत कळलं नाही.

आणि आता २०२२ मध्ये वकील त्याच शिपायाला शोधत होते. आरोपीच्या वकिलांचा मुद्दा उघड होता. ठाण्यातून निघालेला शर्ट आणि प्रयोगशाळेत पोचलेला शर्ट एकच, हे सांगणार कोण? मधल्या रात्री पाकीट कुणाच्या हातात होतं?

उत्तर मुद्देमाल रजिस्टरमध्ये होतं, पण रजिस्टर सापडेना. ठाणं नव्या इमारतीत गेलेलं, जुनी रजिस्टरं पोत्यात भरून गच्चीवरच्या खोलीत टाकलेली, खालची पोती वाळवीने खाल्लेली. पैरवीला, म्हणजे ठाण्याच्या खटल्यांचा कोर्टात पाठपुरावा करायला, एक महिला शिपाई होती; गुन्हा घडला तेव्हा ती शाळेत असणार. नव्या पोरांना मोबाइलपलीकडे काही येत नाही असं मी घरात रोज म्हणतो, पण या पोरीने तोंडाला ओढणी बांधून एकेक पोतं उपसलं. रात्री तिने फोटो पाठवला. "काका, हेच का?" पानाच्या कडा खाल्लेल्या होत्या, नोंद शाबूत. 'सीलबंद स्थितीत मिळाले', खाली त्या शिपायाची सही, बक्कल नंबर म्हणजे त्याचा पोलीस क्रमांक, तारीख.

मेलेल्या माणसाने नोकरीच्या नेहमीच्या कामात केलेली नोंद पुरावा म्हणून घेता येते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये तशी सोय होती, नव्या कायद्यातही आहे. फक्त अक्षर त्याचंच आहे हे ओळखणारा माणूस उभा करावा लागतो.

अण्णांची बायपास झालेली, तरी ते आले. साहेबही पुण्याहून आले. निवृत्त होताना ते डीवायएसपी होते. कोर्टाच्या बाकावर आमच्या शेजारी रुमाल टाकून बसले. अण्णांनी मालाची नोंद, सील, रवानगी क्रमाने सांगितली. प्रयोगशाळेचा अहवाल तर तज्ज्ञाला न बोलावताही वाचता येतो, आणि त्यात स्पष्ट होतं की सील शाबूत, नमुन्याप्रमाणे. मग मला उभं केलं.

"इतक्या वर्षांपूर्वीचं अक्षर तुम्ही कसं ओळखता?" आरोपीचे वकील.

मी सांगितलं, तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. डावखुरा होता, त्याची अक्षरं मागे कलायची. अक्षरांवर रेघ तो कधी देतच नसे; त्यावरून मी त्याला वरचेवर बोलायचो. बक्कल नंबराखाली मात्र दोन रेघा मारायचा. न्यायाधीशांनी रजिस्टर जवळ घेतलं, चष्मा वर सारला आणि पान बराच वेळ पाहिलं. वकिलांनी तो विषय सोडून दिला.

शर्टवाल्याला जन्मठेप झाली. कोयत्यावाला सुटला. त्याच्या पंचनाम्याचे दोन्ही पंच फितूर झाले. एकाने तर सही आपलीच, पण कोऱ्या कागदावर घेतली असं सांगितलं. त्या रिक्षावाल्याचा मला आधी संताप आला. मग वाटतं, आरोपीचं घर त्याच्या गल्लीत. आम्ही बदली होऊन गेलो, त्याला तिथंच राहायचं होतं. तरीही कोऱ्या कागदाचं ते वाक्य मी त्याला माफ केलेलं नाही, कारण तो पंचनामा ओढ्याकाठी, गुडघ्यावर पॅड ठेवून, त्याच्यासमोर मी लिहिला होता.

निकालपत्रात त्या शिपायाच्या नोंदीवर सलग परिच्छेद आहेत. साहेबांच्या तपासाबद्दल चार ओळी. कँटीनमध्ये साहेबांनी ते पान दोनदा वाचलं आणि चहाचे पैसे दिले. रिवॉर्डची यादी त्यांना आठवत होती की नाही, मी विचारलं नाही. अण्णा विचारणार होते. मी त्यांचा पाय टेबलाखाली दाबला.

१ जुलै २०२४ पासून जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं आहे, ते चित्रीकरण करायला ई-साक्ष्य ॲप आलं आहे. चांगलंच आहे, कोऱ्या कागदाची भाषा आता चालणार नाही. पण ॲपमध्ये सील लावतानाचं दिसतं, रात्रीच्या एसटीतली मांडीवरची पिशवी दिसत नाही. तिथे अजून शिपाई आणि रजिस्टरच लागतं, आणि रजिस्टरं अजून पोत्यातच जातात.

सुटलेल्याविरुद्ध अपिलाचा प्रस्ताव गेला होता. त्याचं पुढे काय झालं हे मला आणि अण्णांना कुणी कळवत नाही. निवृत्त माणसाची आठवण समन्स निघालं की होते. जन्मठेपेवरचं अपील उच्च न्यायालयात आहे, आणि त्यातला पहिला मुद्दा पुन्हा तोच, माल नेणारा तपासलेला नाही. पैरवीच्या पोरीची बदली झाली. जाण्याआधी तिने त्या रजिस्टरला खाकी कव्हर घातलं, वर मार्करने नंबर टाकला आणि नव्या पैरवीवाल्याला माझा नंबर दिला. त्याचा अजून फोन आलेला नाही.