मलप्रभेच्या काठाने: लाल माती, काळी माती आणि ट्रॉली जॅक

बेळगावहून पिरनवाडी, किणये, जांबोटीमार्गे कणकुंबी, तेथून परत फिरून खानापूर, नंदगड, बिडी, कित्तूर, बैलहोंगल आणि शेवटी सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थ धरण असा आमचा मार्ग होता. कणकुंबीत माउलीच्या देवळापाशी उगम पावणारी मलप्रभा जिथे रेणुकासागरात अडवली आहे तिथपर्यंत तिच्या सोबतीने जायचे, आणि जाता येतील तेवढ्या कच्च्या वाटा धुंडाळायच्या, एवढाच बेत होता. सोबत मोठे टायर बसवलेली एक जिप्सी, एका स्नेह्यांची बोलेरो आणि तीन टनी ट्रॉली जॅक (गाडी उचलणारा, चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक जॅक) होता. पावसाळा नुकताच सरला होता. या वाटेवर निसर्गाविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु मागून येणाऱ्यांना अधिक उपयोगी पडेल ते गाडी उचलण्याविषयीचे, म्हणून तेच सविस्तर लिहितो.

जांबोटीच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर जांभ्याच्या एका धारदार कपरीने जिप्सीच्या मागच्या डाव्या टायरची बाजूची भिंत फाडली. अशा टायरला तिथे पट्टी लावून भागत नाही, स्टेपनीच बसवावी लागते. जागा उताराची होती. आम्ही गाडी त्याच चाकावर अगदी हळू पुढे नेली आणि झाडी संपून जमीन सपाट झाल्यावरच थांबवली. टायर तसाही कामातून गेलेला होता. उतारावर गाडी उचलण्यापेक्षा रिमला पोचा पडलेला परवडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या भागातील लाल मातीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. उघडा जांभ्याचा कातळ भक्कम असतो, पण त्याच्या शेजारीच जी तांबडी माती साचते तिचा वरचा थर उन्हाने कडक झाला, तरी सावलीत खाली ओल कित्येक दिवस टिकते. ट्रॉली जॅक मुळात गॅरेजच्या काँक्रीटसाठी बनवलेला असतो आणि त्याची लोखंडी चाके लहान असतात. त्याची भुजा सरळ वर जात नाही, कमानीत वर जाते, त्यामुळे भार वाढेल तसा जॅक थोडा गाडीकडे सरकावा लागतो. चाके मातीत रुतली की जॅक सरकत नाही आणि मग बशीवरचा (जॅकच्या भुजेच्या टोकाला गाडीला टेकणाऱ्या तबकडीवरचा) भार सरकू लागतो. गाडी जॅकवरून घसरते ती बहुतेक वेळा अशी. म्हणून जॅकपेक्षा लांब असा जाड प्लायवूडचा एकसंध फळा सोबत हवाच. दोन तुकडे शेजारी ठेवले तर चाक नेमके फटीत अडकते. लोखंडी पत्रा मजबूत असला तरी ओल्या मातीवर तो स्वतःच घसरतो, त्यामुळे मला लाकूडच पसंत आहे.

फळा मांडण्यापूर्वी करायची कामे अधिक महत्त्वाची आहेत. सर्वांनी गाडीतून उतरावे. स्टेपनी मागच्या दारावर असेल तर ती आधीच काढून घ्यावी, कारण उचललेल्या गाडीच्या दाराशी ओढाताण करणे म्हणजे गाडीलाच हिसके देणे होय. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. त्यानंतर समोरच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावावेत. रस्त्यावरचा गोल दगड ठोकळ्याचे काम करीत नाही.

गाडी गिअरमध्ये टाकली म्हणजे ती हलणार नाही, हा समज मागचे चाक उचलताना खोटा ठरतो. दोन चाकांच्या चालनात एक मागचे चाक हवेत गेले की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी) त्याला मोकळे फिरू देतो आणि गिअरची पकड जमिनीवरच्या चाकापर्यंत पोहोचतच नाही. ज्या जुन्या जीपगाड्यांचा हँडब्रेक चाकांच्या ड्रमवर नसून ट्रान्स्फर केसच्या (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर असतो, त्यांचा हँडब्रेकही याच कारणाने निकामी होतो. या गाड्या खानापूर तालुक्यात अजूनही शेतावर राबताना दिसतात, म्हणून मुद्दाम लिहिले. उपाय असा की पुढच्या चाकांचे हब (चाक ॲक्सलला जोडणारा मधला भाग) लॉक करावेत, फोर-बाय-फोर लावावे आणि मग गिअर टाकावा. पुढची दोन्ही चाके जमिनीवर असल्याने तीही गाडीला धरून ठेवतात. ठोकळे मात्र तरीही लावावेतच.

जॅक कुठे लावावा यावर आमच्यातही थोडा वाद झाला. चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) लावला तर आधी स्प्रिंगचे पाटे सैल होत खाली येतात आणि चाक जमीन सोडतच नाही. सस्पेन्शन उंच केलेल्या गाडीत तर जॅकची सारी उंची त्यातच संपते आणि गाडी मात्र डगमगत उंच होते. जिप्सीसारख्या अखंड ॲक्सलच्या गाडीत हौसिंगच्या (ॲक्सलच्या लोखंडी आवरणाच्या) नळीखाली, चाकाच्या शक्य तितके जवळ, पण पाटे बांधणारे यू-बोल्ट आणि ब्रेकचा पाइप टाळून जॅक लावला की चाक लगेच सुटते. मधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याखाली लावल्यास गाडी एकाच बिंदूवर तोलली जाते. पक्क्या फरशीवर दोन स्टँड (गाडीचा भार पेलणारे लोखंडी टेकू) तयार ठेवून ते एक वेळ चालेल, मातीवर कदापि नाही. बोलेरोच्या पुढच्या बाजूला असा अखंड ॲक्सल नसतो, तिथे गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेलीच जागा धरावी.

बाजारात मिळणारा छोटा दोन टनी ट्रॉली जॅक वजनाला पुरतो, पण त्याची कमाल उंची साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असते. ३१ इंची टायर बसवलेल्या गाडीचे हौसिंगच जवळपास तितक्या उंचीवर असते, म्हणजे जॅक पूर्ण वर जाऊनही चाक जमिनीवरच. मग लोक बशीवर विटा किंवा लाकडाचे तुकडे रचतात. वीट भाराखाली एकाएकी फुटते, तेव्हा हा मार्ग अजिबात धरू नये. उंची कमी पडत असेल तर जॅकखालचा पाया रुंद आणि उंच करावा, नाहीतर घरून निघतानाच मोठा जॅक घ्यावा. तो तीस किलोच्या आसपास भरतो, म्हणून पट्ट्याने घट्ट बांधावा. कच्च्या वाटेवर सुटा पडलेला जॅक मागच्या सीटवरच्या माणसाला जखमी करील.

चाक जमिनीपासून सुटताच आम्ही हौसिंगखाली स्टँड लावला, त्याच्याखालीही फळीचा तुकडा दिला आणि जॅक हळूच सैल करून भार स्टँडवर घेतला. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. आतले एक सील गळले तरी तो खाली बसतो. काढलेले चाक चेसिसखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे सगळे फसले तरी गाडी त्यावर टेकते. वाटेने जाणारे एक शेतकरी मामा थांबले आणि मदत म्हणून गाडीला खांदा लावायला निघाले. त्यांना विनंती करून बाजूला उभे करावे लागले. आपल्याकडे मदतीला धावून येण्याची रीत चांगलीच आहे, पण उचललेल्या गाडीला कोणाचा हात लागू नये, हे आधीच सांगून ठेवावे.

खानापूर ते कित्तूर या टप्प्यात सांगण्यासारखे काही घडले नाही. नंदगडला संगोळी रायण्णांच्या समाधीपाशी थोडा वेळ थांबलो, एवढेच.

बैलहोंगलकडे जाताना माती काळी होते आणि सगळे गणित बदलते. बोलेरोच्या पुढच्या चाकातून घासल्याचा आवाज येऊ लागला होता. शेताकडेची जमीन सपाट आणि भेगाळलेली, म्हणजे वरवर कोरडी दिसत होती. परंतु काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते, त्यामुळे वरच्या पापुद्र्याखाली लोण्यासारखा थर असू शकतो. तिथे फळा सपाट दबत नाही, एका कडेने कलतो. शिवाय तो रस्ता उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा होता. चाक गरम झालेले नव्हते आणि हलवून पाहता त्यात खेळही नव्हता, म्हणून तिथे गाडी न उचलता आम्ही ती हळूहळू पुढच्या गावातील एका गोदामासमोरच्या काँक्रीटच्या अंगणात, मालकांची परवानगी घेऊन नेली. ब्रेकच्या पत्र्यात अडकलेला खडा निघाला. स्टँडवर घेतलेल्या गाडीखाली वाकण्यापूर्वी तिला बाजूने हाताने दाबून पाहिले. किंचितही हलली असती तर खाली उतरवून पुन्हा मांडणी केली असती.

नवीन चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, शेवटची पकड चाक जमिनीवर टेकल्यावर द्यावी आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा पाना फिरवावा. आम्ही तो सौंदत्तीत फिरवला तेव्हा दोन नट थोडे सरकले. घरी आल्यावर जॅकची चाके धुऊन तेल द्यावे, कारण लाल माती वाळली की ती सिमेंटसारखी धरते. जॅक भार घेऊन आपोआप खाली बसत असेल तर पुढच्या सहलीपूर्वी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकची कामे करणाऱ्या एखाद्या कारागिराकडून त्याची सीले बदलून घ्यावीत.