भिंतीवर शोभेल आणि हातात चालेल अशी चिनी तलवार

तलवार घ्यायची ठरवली तेव्हा माझ्या दोनच अटी होत्या. हॉलमध्ये भिंतीवर टांगली तर घर सजलं पाहिजे. आणि सकाळी बागेत म्यानातून काढली तर ताइचीचा, म्हणजे संथ चिनी कसरतीतल्या हालचालींचा, पूर्ण संच करता आला पाहिजे, मध्येच मूठ डुगडुगायला नको. बागेतल्या काकूंचं एकमत होतं की या दोन्ही गोष्टी एका तलवारीत मिळत नाहीत. भिंतीची वेगळी घे, हातातली वेगळी घे.

मी चीनमध्ये हांगझोऊला योग शिकवते. ताइचीच्या वर्गात मात्र मी विद्यार्थिनी. आमच्यातल्या बऱ्याच काकू सरकती तलवार वापरतात: रेडिओच्या एरियलसारखी आत जाणारी, पर्समध्ये मावणारी. बसमधून यायला सोयीची, पण फिरवली की खळखळते आणि टोकाकडे वजन म्हणून नसतं. आमच्या लाओशींना, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंना, ती बघवत नाही. त्या म्हणाल्या, तलवारींच्या गावी, लोंगछुआनला जा आणि खरी जियान घे.

चिनी तलवारीत दाओ ही एकधारी आणि बहुधा वाकडी, तर जियान सरळ आणि दुधारी. जियानला तिकडे शस्त्रांमधला सभ्य गृहस्थ म्हणतात. लिहिणारे-वाचणारे लोकही ती कमरेला लावत, अभ्यासिकेत टांगत. म्हणजे शोभा की उपयोग हे भांडण आत्ताचं. मुळात ते नव्हतंच. वुहानला हुबेई प्रांताच्या संग्रहालयात राजा गौजियानची तलवार आहे. १९६५ मध्ये एका थडग्यात सापडली, काशाची, जेमतेम ५६ सेंटीमीटर लांब. दोन हजार वर्षांहून जास्त काळ पुरलेली असूनही धार शाबूत होती. आणि नटवलेली किती! पात्यावर दोन्ही बाजूंना शंकरपाळ्यांची नक्षी, मुठीजवळच्या आडपट्टीत एका अंगाला निळी काच, दुसऱ्या अंगाला फिरोजा. हा गौजियान युए राज्याचा, म्हणजे मी राहते त्याच मुलखातला. काकूंना मी त्याचंच उदाहरण दिलं. त्या म्हणाल्या, तू राजा आहेस का?

लोंगछुआन हे झेजियांग प्रांताच्या नैऋत्येला डोंगरातलं छोटं शहर. २०२० पासून तिथे रेल्वे जाते. दोन गोष्टींवर गाव जगतं. एक, हिरवट झिलईची सेलाडॉन भांडी. ती भाजण्याची कला २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. दुसरी, तलवारी, त्या घडवण्याची कला २००६ पासून चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत आहे. ओउ येझी नावाच्या लोहाराने इथल्या झऱ्याच्या पाण्यावर चू राज्याच्या राजासाठी तीन तलवारी घडवल्या अशी दंतकथा आहे. ती प्रत्येक दुकानात ऐकावी लागते, चहासकट.

दुकानं मात्र बघण्यासारखी. हानफू, म्हणजे जुन्या घाटाचा चिनी पोशाख, घातलेली कॉलेजची पोरं हान राजवटीच्या घाटाच्या लांबलचक जियान विकत घेऊन फोटो काढत होती. आठ पैलूंचं पातं, दोन हातांत मावेल एवढी मूठ, दिसायला जबरदस्त. उचलून बघितली आणि परत ठेवली. ताइचीत तलवार एका हाताने, मनगटावर फिरते. असलं धूड घेऊन दुसऱ्याच मिनिटाला खांदा बोलू लागेल.

ज्यांच्याकडून घेतली ते शिफू, म्हणजे उस्ताद कारागीर, साठीचे होते. बोलणं कमी. मी म्हटलं, मला मुठीच्या आत काय आहे ते दाखवा. असं विचारणारं गिऱ्हाईक त्यांना आवडत असावं, कारण त्यांनी फळीखालून दोन उघड्या तलवारी काढल्या. पहिली स्टेनलेसची, आरशासारखी लखलखीत, किंमत साडेतीनशे युआनच्या आसपास. तिचं पातं आडपट्टीपाशीच संपत होतं. पुढे पाच-सहा मिलिमीटरची आटे पाडलेली सळई वेल्डिंगने चिकटवलेली, आणि शेवटी नट. वेल्डिंगचा डाग स्पष्ट दिसत होता. शिफूंनी त्या डागावर अंगठ्याचं नख ठेवलं आणि काहीच बोलले नाहीत. जोरात फिरवली तर तिथूनच पातं सुटून समोरच्याच्या अंगावर जाणार.

दुसरीची शेपटी पात्याच्याच पोलादाची होती. आडपट्टीतून निमुळती होत, लाकडी मुठीच्या पार आतून जाऊन मागच्या बोंडात शिरलेली आणि तिथे ठोकून बसवलेली. ही दिसायला पहिलीपेक्षा मळकट. तिची किंमत पहिलीच्या चौपट, आणि माझ्या मते ते चौपट पैसे सगळे त्या न दिसणाऱ्या सहा-सात इंचांचे आहेत.

पोलादाचं म्हणाल तर स्टेनलेस गंजत नाही एवढाच त्याचा गुण. भिंतीसाठी ठीक. पण एवढ्या लांब पात्यात ते एकतर वाकतं ते वाकलेलंच राहतं, नाहीतर कडक केलं की मोडतं. चालणारी तलवार स्प्रिंग स्टीलची किंवा तशाच दुसऱ्या कार्बन पोलादाची हवी, आणि तिला नीट पाणी दिलेलं हवं. शिफूंनी टोक लाकडावर टेकवून पातं कमानीसारखं वाकवलं आणि सोडलं. मग मुठीकडून एक डोळा मिटून मला बघायला लावलं: रेघ सरळच्या सरळ.

तिसरा प्रकार घडीच्या पोलादाचा. दोन जातींचं पोलाद एकावर एक ठेवून, ठोकून, घड्या घालून करतात आणि शेवटी आम्लाने त्यातली लाटांची नक्षी वर आणतात. दिसायला याच्यासारखी दुसरी नाही. पण बाजारात नुसती वरवर छापलेली नक्षीही ढिगाने आहे. मध्ये पात्याच्या पाठकण्याजवळ बघायचं. खऱ्या घडीच्या लाटा तिथे अंगावरून वळतात, तुटतात, पुन्हा कधी तशाच येत नाहीत. छापलेल्या लाटा मात्र साडीच्या काठासारख्या ठरावीक अंतराने परत येतात. मला खरी आवडली होती. किंमत ऐकून हात मागे घेतला.

मी घेतली ती साध्या स्प्रिंग स्टीलची, पातं ७३ सेंटीमीटर. लांबीची रीत अशी: तलवार डाव्या हातात उलटी धरायची, पातं दंडाला लावून उभं, टोक कानाच्या वरच्या कडेपर्यंत आलं पाहिजे. वजन म्यानाशिवाय साडेसातशे ग्रॅमच्या आतबाहेर. पण काट्यावरच्या वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. आडपट्टीपुढे चार-पाच बोटं सोडून बोटावर आडवी पेलली पाहिजे. तोल त्याहून पुढे गेला की टोक जड होतं. त्यासाठी पातं मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ घासत न्यावं लागतं. भिंतीवरच्या तलवारी सगळीकडे सारख्याच जाडीच्या असतात, कारण घासायला वेळ लागतो आणि वेळाला पैसे.

यावरून एक आठवलं. मी कोल्हापूरची, मर्दानी खेळ बघत वाढले. आपला पट्टाही सरळ आणि दुधारी. पण त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंतचा लोखंडी हातमोजाच. मनगट त्यात बंद, सगळा फेर खांद्यातून आणि कमरेतून. जियानचं पुरतं उलट. मनगट सोडलं नाही तर ती हलतच नाही. लहानपणापासून डोळ्यांत बसलेला पट्टा मनगटातून काढायला मला फार दिवस लागले, आणि लाओशी अजून म्हणतात, हात मोकळा सोड.

शोभेची बाजू मी सोडली नाही. आडपट्टी ढगाच्या आकाराची, पितळेची. सोनेरी रंग दिलेलं जस्ताचं ओतकाम घेऊ नका, दोन उन्हाळ्यांत पापुद्रे निघतात. म्यान रोझवूडचं. ते उपडं करून बघितलं: तलवार आपली आपण घसरली नाही, आणि हलवल्यावर आत खडखडलीही नाही. पात्यावर पितळेचे सात ठिपके जडवलेत, सप्तर्षींचे. लोंगछुआनच्या तलवारींची ही जुनी खूण. गोंडा मात्र आखूड घेतला. लांब गोंड्याचा संच वेगळा शिकावा लागतो, नाहीतर तो स्वतःच्याच मनगटाला गुंडाळतो.

धार लावलेली घेतली नाही. २००७ च्या चिनी नियमांनुसार धार न लावलेली आणि टोकाची गोलाई अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त असलेली कसरतीची किंवा शोभेची पाती निर्बंधित शस्त्रांत मोडत नाहीत. ताइचीला धार लागतच नाही. गर्दीच्या बागेत तर नकोच. आमच्या मागच्या रांगेत नातवंडं खेळत असतात. तरी रेल्वेत ती हातात घेऊन बसता येत नाही, स्टेशनच्या तपासणीतच अडते. शिफूंनी लांब खोक्यात बांधून कुरियरने घरी पाठवली.

आता ती सोफ्याच्या वर आडवी टांगलेली असते. जूनमध्ये हांगझोऊत आपल्या कोकणासारखी दमट झड लागते. कार्बन पोलादावर बोटाचे ठसे दुसऱ्या दिवशी तांबूस उठतात. म्हणून बागेतून आलं की कोरड्या फडक्याने पुसायची आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा. नक्षीच्या खाचेत तेल साठू द्यायचं नाही, तिथे धूळ चिकटते.

फोटो टाकल्यावर कोल्हापूरहून धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, मला बी एक आण की." त्याला सांगितलं, बाबा रे, परदेशातून शस्त्र आणायला आपल्याकडे परवाना लागतो, १९५९ चा कायदा आहे. विमानतळावर मी कुणाकुणाला समजावत बसू की याला धार नाही? तो म्हणाला, मग निदान तो मूठ उघडून दाखवतानाचा व्हिडिओ तरी पाठव, तालमीत दाखवतो.

तो पाठवलाय.