आमची वाटचाल : अर्थिंगचा खड्डा

२००९ साली लातुरात औसा रोडला दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली. टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या मशीनची सर्व्हिस, छातीवर फिरवायच्या प्रोबची दुरुस्ती, ईसीजी केबल. भागीदार म्हणजे मामा. नात्याचे नव्हेत, पण सगळं गावच त्यांना मामा म्हणतं. अर्धं आयुष्य टीव्ही दुरुस्तीत गेलेलं. विजेच्या लहरी दाखवणारा ऑसिलोस्कोप उसना आणलेला. त्याची लाज कधी वाटली नाही. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंडला एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयाची हालचाल पहिल्यांदा प्रतिध्वनीवर टिपली, तीसुद्धा उसनं आणलेल्या, धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्रावर!

मामांचं लाडकं हत्यार पेपर क्लिप. लिनिअर, म्हणजे सरळ पट्टीच्या प्रोबला जेल न लावता क्लिपची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायची. आतला ध्वनी सोडणारा-ऐकणारा क्रिस्टल जिवंत असेल तिथं स्क्रीनवर उजेड, मेला असेल तिथं अंधार. हृदयासाठीच्या, पंख्यासारखं चित्र देणाऱ्या सेक्टर प्रोबचं दुखणं मात्र लबाड. तिथं प्रत्येक रेषेला सगळेच क्रिस्टल राबतात. चार मेले तरी काळी पट्टी दिसत नाही, अख्खं चित्रच जरा मळतं, आणि डॉक्टर गेन, म्हणजे चित्राचा उजेड, वाढवत बसतात. वाढवू नका, प्रोब आणून दाखवा.

आता २०१६. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो उन्हाळा. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडं, एका हॉस्पिटलात, स्ट्रेन चुकायला लागला. स्ट्रेन म्हणजे दर ठोक्याला हृदयाचा स्नायू किती टक्के आखडतो तो आकडा; ठोका कुठं सुरू झाला ते मशीन ईसीजीवरून ओळखते. धडधाकट हृदयाला उणे २० च्या आसपास यायला हवा. एकाच बाईचा सकाळी उणे १९, दहा मिनिटांनी उणे ११. बाई केमोवर. केमोत स्ट्रेन मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त घसरला की डॉक्टर सावध होतात, तेही इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) पडायच्या आधीच. म्हणजे तिची पुढची केमो आमच्या ईसीजी केबलवर अडकलेली.

त्याच आठवड्यात बाहेरचा एक डीलर तिथं चहा पिऊन गेला. "लोकल केबल वापरल्यावर दुसरं काय होणार?" एवढंच बोलला. आमची एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार, रद्द. बिल अडकलं. महिन्याभरात आणखी दोन ठिकाणांहून "सध्या नको". दुकानातल्या पोराचा पगार मामांनी खिशातून दिला.

अंबाजोगाईचे आमचे पहिल्या दिवसापासूनचे डॉक्टर. त्यांच्या कानावर गेलं, तर त्यांचा फोन. "लाईट काढून बघितली का?"

हॉस्पिटलात हातापाया पडून परत गेलो. आयसीयूतल्या लॅपटॉपएवढ्या मशीनवर ईसीजी लावला, तर रेघेवर नुसतं गवत उगवलेलं. मामांनी पिन उपटली. बॅटरीवर रेघ स्वच्छ! मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १४ व्होल्ट. मागच्या बाजूला जाऊन खड्ड्याचं झाकण काढलं, आत काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. दुष्काळानं अर्थिंग सुकवलं होतं. त्या गवतात मशीनला आर वेव्ह, म्हणजे ठोक्याचं उंच टोक, सापडेना, कुठल्याही काडीला ठोका समजून ती मध्येच मोजायला सुरुवात करायची.

खड्ड्याला पाणी घाला म्हटलं तर मॅनेजर म्हणाला, "मामा, काय बोलायलाव? प्यायला नाही अन् खड्ड्याला?" डायलिसिसच्या आरओचं टाकाऊ खारट पाणी ते संडासाला वापरत होते. त्यातल्या रोज चार बादल्या मामांनी मागून घेतल्या, मीठ-कोळसा नव्यानं भरला. तिसऱ्या दिवशी १४ चे २ व्होल्ट झाले. स्ट्रेन लागोपाठ तीनदा काढला, तिन्ही वेळा उणे १९.

बिल आठ महिन्यांनी मिळालं, तेही कापून. माफी कुणी मागितली नाही. एएमसी त्या डीलरकडंच राहिली. आम्ही भिजवलेल्या खड्ड्यावर त्याच्या केबलचा ट्रेस छान येतो म्हणे.

पुढची वर्षं बरी गेली. आता सीटी अँजिओचं, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या स्कॅनचं, गेटिंगही बघतो; म्हणजे स्कॅनची वेळ ईसीजीच्या ठोक्याशी जुळवणं. टेक्निशियन पोरांना एक सांगतो, ठोके ६५ च्या खाली आणल्याशिवाय स्कॅन सुरू करू नका. ठोके ६० असले तर आर वेव्हनंतर साधारण ७५० मिलिसेकंदांनी हृदय क्षणभर निवांत होतं, तेवढीच फट आपली. इलेक्ट्रोड लावायच्या आधी छातीचे केस काढा, घाम पुसा. आमच्याकडच्या मे महिन्यात इलेक्ट्रोड निम्म्या वेळा घामानंच सुटतात.

अंबाजोगाईला दर उन्हाळ्यात जातो. मशीनला हात लावायच्या आधी डॉक्टर स्वतः खड्डा दाखवायला नेतात. त्यांना अजून २०१६ चाच दर लावतो. मामांना ते पटत नाही.