डोस वाढवत गेले तरी

पेशींतून येणारा प्रकाश मोजणाऱ्या प्लेट रीडरचे आकडे पाहिले आणि आधी मला माझ्याच हाताचा संशय आला.

नमुना एका एचआयव्हीबाधित रुग्णाचा होता. मराविरॉक हे औषध चालू असूनही त्यांच्या रक्तात विषाणू पुन्हा वाढू लागला होता. हे औषध विषाणूला हातच लावत नाही. ते आपल्याच पेशीवरच्या सीसीआर5 या रिसेप्टरमध्ये, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनात, जाऊन बसतं. पेशीवरच्या सीडी4 या पहिल्या रिसेप्टरला चिकटल्यानंतर विषाणूला आत शिरायला या दुसऱ्या रिसेप्टरचा आधार लागतो. सीसीआर5च्या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये डीएनएची 32 अक्षरं गळालेली असली, तर एचआयव्हीची लागण सहसा होत नाही आणि माणूस एरवी धडधाकट असतो, हे 1996 मध्ये कळलं. 2007 मध्ये औषध आलं. मला ही कल्पना फार आवडायची. विषाणू सतत बदलतो, आपलं जनुक बदलत नाही, मग नेम त्याच्यावरच धरावा!

रुग्णाच्या विषाणूचं बाह्य प्रथिन घेऊन मी स्यूडोव्हायरस, म्हणजे चाचणीपुरता नकली विषाणू, बनवला होता. तो पेशीत एकदाच शिरतो आणि शिरला की पेशी प्रकाश देते. औषध वाढवलं तसा प्रकाश कमी झाला, पण शून्यावर गेलाच नाही. मध्येच आलेख आडवा झाला. शेवटच्या तिन्ही डोसना आकडा जवळपास तोच. शेजारच्या, तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोल विषाणूचा प्रकाश मात्र पार विझला होता, म्हणजे औषध ठीक होतं.

मला वाटलं, विषाणूने दार बदललं असणार. काही एचआयव्ही सीसीआर5ऐवजी सीएक्ससीआर4 हा रिसेप्टर वापरतात आणि त्यांच्यावर मराविरॉक चालत नाही. म्हणून फक्त सीएक्ससीआर4 असलेल्या पेशींची प्लेट मी सोबतच लावली होती. ती वाचली. पूर्ण अंधार. म्हणजे ते दार तो वापरत नव्हता.

मॅडमना आलेख दाखवला. विचारलं, "डोस अजून वाढवून बघू?"

"वाढवून काय होणार? सगळे रिसेप्टर केव्हाच भरलेत."

तेव्हा लख्ख कळलं. औषध आत बसलं की रिसेप्टरचा बाहेरचा आकार बदलतो. या विषाणूला तो बदललेला आकारही ओळखता येऊ लागला होता. औषध जागेवर होतं आणि विषाणू त्याच्यासकट सीसीआर5 वापरत होता.

खात्रीसाठी त्याच संध्याकाळी पुन्हा प्लेट लावली. दोन दिवसांनी आलेख तसाच आडवा आला, आणि रुग्णाच्या डॉक्टरांना अहवाल गेला: मराविरॉकवर विसंबू नये.